अंदाजपत्रक

बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करतो, हा संत लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायाचा दाखला आम्ही आजवर किती वेळा समजावून सांगितला असेल, त्याची गणती नाही. सेमिनरीत तो शिकलो, व्यासपीठावरून तो शिकवला. मात्र स्वतः खाली बसून हिशेब करण्याची पाळी गेल्या पावसाळ्यात आमच्यावर आली आणि त्या परीक्षेत आम्ही कसेबसे उत्तीर्ण झालो.

रोवणीचे दिवस होते. एकोडीच्या एका वृद्ध आजारी बाईंना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही साकोली-तुमसर रस्त्याने निघालो होतो. दोन्ही बाजूंना चिखलात वाकलेल्या बायाबापड्या, वर दाटलेले आभाळ. एकाएकी गाडीतील तापमानाचा काटा लाल रेषेवर चढला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. आम्ही गाडी तत्काळ बंद करून कडेला घेतली. एका शेतकऱ्याने आपल्या मोटारसायकलवरून आम्हाला एकोडीपर्यंत पोहोचवले. दारातच खाटेवर बसलेल्या त्या आजींनी आमच्या चिखलाने माखलेल्या झग्याकडे पाहून, "फादर, आज गाडी नाही का जी?" असे विचारले. त्या गाडीने दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री त्यांना दवाखान्यात नेले होते.

खेड्यापाड्यांतून विखुरलेल्या धर्मग्रामात वाहन हे वैभव नसते. जर्मनीतील पॉल शुल्टे ह्या धर्मगुरूंचा मिशनरी मित्र आफ्रिकेत वेळेवर उपचार न मिळाल्याने वारला. त्या दुःखातून त्यांनी १९२७ साली मिशनऱ्यांना वाहने पुरवणारी 'मिवा' ही संस्था उभी केली. गाडी बंद पडली म्हणजे कोणाचे तरी दार आपल्यासाठी दूर जाते, हे त्यांनी ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून शहरातील अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये नेली. काचेची दालने, थंड हवा, पुढे आलेला चहा. तासाभराने नीटनेटक्या पोशाखातील सल्लागाराने छापील अंदाजपत्रक आमच्या हाती ठेवले: इंजिनचे हेड, गॅस्केट, रेडिएटर, पाण्याचा पंप, मजुरी व कर मिळून एकूण ६८,४०० रुपये. आमच्या वाहन निधीत २१,००० रुपये होते. उरलेली रक्कम एकाच ठिकाणाहून येऊ शकत होती, ती म्हणजे गळक्या प्रार्थनागृहाच्या छपरासाठी जमवलेला निधी. त्या निधीत कापणीनंतर काही कुटुंबांनी दिलेल्या धानाच्या पोत्यांचे पैसे होते.

आणि तरीही आम्ही खिशातून पेन काढले.

खरे सांगायचे तर प्रश्न विचारण्याची आम्हाला लाज वाटली. धर्मगुरूने पैशासाठी घासाघीस करावी, हे शोभत नाही असे वाटले. सोबत आमच्या अर्थ समितीचे एक तरुण शिक्षक होते. त्यांनी शांतपणे विचारले, "इंजिन उघडून पाहिलं का? हेड वाकलं आहे हे कशावरून ठरलं?" सल्लागार प्रामाणिक होता. इंजिन उघडलेले नव्हते. वाईटात वाईट धरून आकडा लिहिला होता. शिवाय त्यांच्याकडे सुटा भाग दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण जोडणी बदलण्याची रीत होती. आम्ही पेन परत खिशात ठेवले, तपासणीचे शुल्क भरले आणि गाडी ओढून साकोलीला आणली.

तेथे महामार्गालगत टिनाच्या छपराखाली काम करणारा एक मेकॅनिक आहे. त्याने प्रथम ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइलमध्ये पाणी मिसळले तर ते दुधट होते, ते तसे नव्हते. मग रेडिएटरमध्ये पाणी भरून इंजिन थोडा वेळ चालवले. गॅस्केट गेले असते तर पाण्यात बुडबुडे उठले असते, तेही उठले नाहीत. शेवटी पंपाखालच्या बारीक छिद्रातून ठिबकणारे पाणी त्याने आम्हाला बोटाने दाखवले. "इंजिन चांगलं आहे जी. तुम्ही गाडी लगेच बंद केली म्हणून वाचलं. पाण्याचा पंप गेला." नवा पंप दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून एस.टी.ने आला. जुना पंप त्याने आमच्या हाती दिला. बिल झाले ५,६५० रुपये, आणि गाडी ओढण्याचा खर्च व तपासणीचे शुल्क धरूनही छपराचा निधी शाबूत राहिला.

येथे ही हकीकत संपली असती तर आम्ही ती लिहिली नसती. ते बिल हाती येताच आमच्या तोंडून सहज निघून गेले, "दोनशे कमी कर ना." त्याने तेलकट हात पुसत मान खाली घातली आणि "बरं जी" म्हटले.

परतीच्या वाटेवर ते दोनशे रुपये आम्हाला टोचू लागले. थंड दालनात ६८,४०० रुपयांपुढे आमची जीभ उचलली नव्हती आणि टिनाच्या छपराखाली ५,६५० रुपयांपुढे ती चुरूचुरू चालली. आम्ही ज्याला संकोच म्हणत होतो तो विनय नव्हता, तो काचेचा धाक होता. आणि ज्याला काटकसर म्हणत होतो ती दुबळ्यावर केलेली मात होती.

१९८३ च्या धर्मसंहितेतील १२८४ वा नियम सांगतो की, ख्रिस्तसभेच्या मालमत्तेचा सांभाळ करणाऱ्याने चांगल्या घरधन्याच्या दक्षतेने वागावे. घरधनी हिशेब विचारायला लाजत नाही, कारण पैसा घराचा असतो. आणि मजुराचे दाम बुडवत नाही, कारण घाम त्याचा असतो. विचारण्याचा हक्क आता आपल्या देशात कायद्यालाही मान्य आहे. सुटे भाग व दुरुस्तीची साधने बाहेरच्या कारागिरांना सहजी मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना आम्ही एवढेच सांगतो: सही करण्यापूर्वी दोष डोळ्यांनी पाहा, लेखी हिशेब मागा, बदललेला जुना भाग परत मागा आणि शक्य असल्यास दुसऱ्या जाणकाराचे मत घ्या. ह्यात कोणाचाही अपमान नाही.

पुढच्या आठवड्यात एकोडीला जाताना आम्ही साकोलीत थांबलो आणि ते दोनशे रुपये मेकॅनिकपुढे ठेवले. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. नोटा मोजल्या, खिशात टाकल्या आणि पुन्हा कामाला लागला. आम्हाला बरे वाटले. दान म्हणून नव्हे, येणे म्हणून त्याने ते घेतले होते.

एकोडीला पोहोचलो तेव्हा आजी दारातच बसल्या होत्या. गाडीचा आवाज त्यांनी दुरूनच ओळखला होता.