उशीर का झाला? कारण निवडा

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

टॅक्सचा सीझन आला की ओळखीतल्या लोकांचा मला एक ठरलेला फोन येतो. "अगं, इंडियातली एफडी इथे दाखवावी लागते का?" लागते म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, जरा हळू आवाजात: "नाही दाखवली तर कळतं का त्यांना?" या दुसऱ्या प्रश्नाला मी इतकी वर्षं जरा वरच्या पट्टीत उत्तर देत आले. पुण्यात सीए केलं, इथे येऊन सीपीए झाले, लायसन्ससाठी ठरावीक वर्षांनी एथिक्सचा कोर्स करते, त्यामुळे ती पट्टी आपोआप लागते. यंदा ती उतरली. कशी ते सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं नाव असंच कुठेतरी भारतात एखाद्या पासबुकावर आहे, याची मला जवळजवळ खात्री आहे.

सुरुवात लेकीपासून. ती अकरावीत आहे. एका क्लबसाठी तिला २० तास सेवा करून फॉर्मवर संस्थेची सही आणायची होती. झाले होते १४. ज्या काकू तिथलं काम बघतात त्या आमच्या चांगल्या ओळखीच्या, अतिशय मायेच्या. त्या म्हणाल्या, "आण गं फॉर्म, २० लिहून देते. सहा तासांनी काय बिघडतंय? किती अभ्यास असतो तुम्हा पोरांना." लेक खुशीत घरी आली आणि मी नाही म्हटलं.

काकूंचं मला नवल वाटलं नाही. वेस्ट विंडसरमध्ये राहणाऱ्यांना २०१५ मधलं ते १६ पानी पत्र आठवत असेल. आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुपरिटेंडेंटनी पालकांना लिहिलं होतं की मुलांवरचा ताण हाताबाहेर चाललाय, आदल्या वर्षात ४० मुलांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. त्यावरून गावात किती वाद झाले! आपल्यातले बरेच जण म्हणत होते, अभ्यास सोपा करू नका. बाहेरून सगळं कडक हवं, आणि आतून एकमेकांच्या पोरांना सहा तास ढकलून द्यायचे, अशी आपली तऱ्हा. मीही त्यातलीच, म्हणून म्हणते.

तर त्या रात्री जेवताना मी लेकीला आमच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. जून २०२२ मध्ये एसईसीने अर्न्स्ट अँड यंगला १० कोटी डॉलरचा दंड केला. ऑडिट फर्मला त्यांनी केलेला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा दंड. कशासाठी? तिथल्या ४९ जणांनी सीपीएच्या एथिक्सच्या परीक्षेची उत्तरं एकमेकांना पुरवली किंवा घेतली होती, आणि आणखी शेकडो जणांनी इतर कोर्सेसमध्ये कॉपी केली होती. वर एसईसीने विचारलं तेव्हा फर्मने खरं सांगितलं नाही. त्याआधी २०१९ मध्ये केपीएमजीला ५ कोटी. तिथेही उत्तरं वाटली होतीच, शिवाय काहींनी सर्व्हरमध्ये हात घालून पास व्हायचे मार्क इतके खाली आणले की पाव उत्तरंही बरोबर नसताना लोक पास झाले.

"एथिक्सच्या परीक्षेत कॉपी?" लेक खो खो हसली. मला वाटलं, पटलं.

दोन दिवसांनी प्रिन्स्टन जंक्शनला नवऱ्याला घ्यायला गेलो होतो. गाडी लेट होती. आम्ही दोघी पार्किंगमध्ये बसलेलो, तेवढ्यात बाबांचा फोन. गाडीच्या स्पीकरवर.

"अगं, बँकेतून फॉर्म आलाय. तू भारताबाहेर टॅक्स भरतेस का, भरत असशील तर तिथला नंबर द्या म्हणतायत. बँकेतला पोरगा म्हणाला, काका, 'नाही' वर टिक करा, कटकट नको. करू का?"

"कुठल्या खात्याचा, बाबा?"

"आपलीच ती एफडी. तुझं नाव नाही का घातलंय त्यात."

घातलंय. २०१४ मध्ये सुट्टीला गेले होते, तेव्हा डायनिंग टेबलवर पोह्यांच्या बशीशेजारी फॉर्म ठेवून बाबा म्हणाले होते, "इथे सही कर. उद्या आमचं काही झालं तर धावपळ नको." ईदर ऑर सर्व्हायव्हर. मी सही केली आणि विसरले. पैसे बाबांचे, व्याज बाबांचं, तिथला टॅक्स बाबा भरतात. माझं काय त्यात?

कायद्याने आहे. खात्यावर मालक म्हणून नाव असलं की पुरे, पैसे कोणाचे हा प्रश्नच येत नाही. वर्षात कधीही परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली, की एफबार, म्हणजे फिनसेनचा फॉर्म ११४, भरावा लागतो. रुपयांत धरलं तर काही लाख. आपल्या आईवडिलांच्या पिढीची एक बरी एफडी. शिवाय रिटर्नमध्ये शेड्यूल बीच्या तळाशी सरळ प्रश्न असतो: परदेशात खातं आहे का, किंवा खात्यावर सहीचा अधिकार आहे का? हो की नाही. मी दर वर्षी 'नाही' लिहून खाली सही करत होते. दुसऱ्यांना हा प्रश्न नीट वाचा म्हणून सांगणारी मी.

फोन संपल्यावर लेक थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सो आजोबांचं चालतं?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

झोप लागेना तेव्हा मी शोधत बसले, हे मला दिसलं कसं नाही? उत्तर फार साधं निघालं. आमचं रिटर्न मी दर वर्षी गेल्या वर्षीवरून पुढे ओढते. नवीन काय आलं तेवढं बघते, जुनी उत्तरं तशीच राहतात. पहिल्या वर्षीचं 'नाही' पुढे सरकत राहिलं.

पीएमसी बँकेचं प्रकरण आठवतंय? सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. भांडुपच्या या बँकेने एचडीआयएल समूहाची ४४ कर्जखाती लपवायला २१,०४९ खोटी खाती दाखवली होती. बँकेच्या एमडीने रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या कबुलीत एक गोष्ट होती, जी मी तेव्हा वाचून 'काय हे ऑडिटर' म्हटलं होतं: वेळ कमी असल्याने ऑडिटर फक्त वाढीव, नवी कर्जं तपासायचे, सगळी नाही. जुनं आहे ना, मग ठीकच असेल. त्या आकड्यांशी माझ्या एफडीची तुलना नाही हे कळतं मला. पण सवय तीच.

आणि ही सवय मोडायला मला फार आधी शिकवलं होतं. आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी ३१ मार्चला एका गोदामात स्टॉक मोजायला पाठवलं होतं. मी बाहेरून खोकी मोजून आकडा लिहिला. सरांनी एवढंच विचारलं, "उघडून बघितलीस?" नाही म्हटल्यावर पीएमटीने परत पाठवलं. दोन खोक्यांत चिंध्या होत्या. त्या काळात आमच्यातले काही जण कागदोपत्री आर्टिकलशिप करायचे, दिवसभर क्लासला आणि तीन वर्षांनी ट्रेनिंग पूर्ण झाल्याची सही तयार. इन्स्टिट्यूटचा त्याला सक्त विरोध, पण व्हायचं. मी त्यांना नावं ठेवायचे. आता विचार करते तर काकूंचे २० तास म्हणजे तेच की.

असो. पुढचं काम किचकट नव्हतं, फक्त लाजिरवाणं होतं. इथल्या टॅक्समधून उत्पन्न चुकवलेलं नसेल आणि आयआरएसने तुम्हाला आधी गाठलेलं नसेल, तर राहिलेले एफबार कारण देऊन उशिरा भरता येतात, आणि अशा वेळी सहसा दंड लावत नाहीत. उत्पन्न राहिलं असेल तर रस्ता वेगळा: स्ट्रीमलाइन्ड, म्हणजे तीन वर्षांची रिटर्न्स, सहा वर्षांचे एफबार, आणि हे मुद्दाम केलं नाही असं सहीनिशी लिहून देणं. इथे राहणाऱ्यांना वर ५ टक्के दंड. गप्प बसून सापडलात तर, चूक मुद्दाम नसली तरी मूळ कायद्यात प्रत्येक फॉर्ममागे १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे आणि महागाईनुसार तो वाढत जातो. बिटनर नावाच्या गृहस्थांच्या खटल्यात २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एवढं स्पष्ट केलं की तो खात्यागणिक नाही, फॉर्मागणिक. जाणूनबुजून लपवलं असेल तर आकडे वाचवत नाहीत. आणि "कळतं का" याचं उत्तर: हो. भारत-अमेरिका करार जुलै २०१५ मध्ये झाला, तेव्हापासून अशा खात्यांची माहिती भारतातल्या बँकांकडून इकडे येते. बाबांना आलेला फॉर्म त्यासाठीच होता. (हा सल्ला नव्हे. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं, आपल्या माणसाला विचारा.)

तर मी सहा वर्षांचे फॉर्म भरायला बसले. उशिरा भरताना एक यादी उघडते: उशीर का झाला, कारण निवडा. 'भरायला विसरले.' 'भरावं लागतं हे माहीत नव्हतं.' आणखी बरीच, शेवटी 'इतर'.

'माहीत नव्हतं' वर माझा माऊस किती वेळ होता ते सांगत नाही. सगळ्यात सोयीचं कारण ते. कोण तपासणार? पण मला माहीत होतं. नियम माहीत होता, खातं माहीत होतं, दोन्ही एकत्र ठेवून बघितलं नव्हतं. 'विसरले' सुद्धा खरं नाही, आधी लक्षात असावं लागतं ना. 'इतर' निवडलं आणि लिहिलं की मी व्यवसायाने अकाउंटंट आहे, नियमाची मला माहिती होती, हे खातं वडिलांचं म्हणून मी ते माझं धरलं नाही. नवरा मागून वाचत होता. म्हणाला, "अकाउंटंट आहेस हे लिहायलाच हवं का?" आमचं त्यावर चांगलंच वाजलं. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, वकिलाने कदाचित तेच सांगितलं असतं. मी ते वाक्य ठेवलं.

बाबांना सांगणं जास्त जड गेलं. 'नाही' वर टिक करू नका, माझा इथला नंबर द्या, म्हटलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग, "म्हणजे मी तुला गोत्यात आणलं?" आयुष्यभर शाळेत शिकवून साठवलेले पैसे, मुलीची सोय व्हावी म्हणून तिचं नाव घातलं, आणि ती सांगते यामुळे मला सरकारला खुलासा द्यावा लागला. मी खूप समजावलं. पटलं की नाही, माहीत नाही.

तुमच्या आईबाबांना या आठवड्यात फोन कराल तेव्हा सहज विचारा, माझं नाव कुठे कुठे आहे. लॉकर नाही मोजत. एफडी, सेव्हिंग, पीपीएफ, म्युच्युअल फंड विचारा. आणि "कशाला हवंय तुला?" याची तयारी ठेवा, ते पैशाबद्दल विचारताय असं त्यांना वाटतंच. प्रश्न असतील तर कमेंटमध्ये टाका, पण आकडे आणि नावं नकोत.

लेकीने फॉर्मवर १४ लिहून दिला. काकूंनी सही केली, जरा तुटकपणे. क्लबकडून अजून काही कळलेलं नाही, या वर्षी कदाचित तिला काढतीलही. तिने मला त्याबद्दल काही ऐकवलं नाही. फक्त परवा विचारत होती, "तुझं काय झालं गं, रिप्लाय आला?" बाबाही दर रविवारी तेच विचारतात.

नाही आला अजून.