नंदीचा साज

माझ्या पत्र्याच्या पेटीत बैल कमी होते, साज जास्त. चाकांच्या पाटावर उभी असलेली सागाची एक जोडी आणि एक वीतभर उंचीचा एकटा नंदी, एवढेच बैल. पण त्यांच्या झुली, घुंगरमाळा, मटाट्या, वेसणी, कासरे, शेंब्या, कवड्यांच्या माळा आणि रेशमी गोंडे गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवलेले असत. सौंसरची आम्ही पोरं वर्षभर हेच जमवायचो. लाकडी बैल घरात आला की बापाकडून पोराकडे जातो. साज मात्र दर पोळ्याला नवा लागतो, आणि कोणाच्या नंदीवर यंदा काय चढलं याचीच आळीभर चर्चा असे.

आमच्याकडे श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी, करीला, लेकरांचा तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला, असं सांगतात. सौंसर-पांढुर्णा हाही भोसल्यांच्याच राज्यातला मुलूख. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. माझी शाळा हिंदी होती. पण पोळ्याचं तोरण, तिथे म्हणायच्या झडत्या, पोळ्याची खुशी म्हणून द्यायचा बोजारा हे सगळं घरच्या बोलीतच राहिलं.

साजातलं सगळ्यात अवघड काम झुलीचं. आजी जुन्या लुगड्याचा काठ काढून द्यायची, पण कापण्याआधी बैलाच्या पाठीवर वर्तमानपत्र दाबून माप घ्यायला लावायची. वशिंडाची जागा चुकली की झूल एका बाजूला घसरते, आणि नंदी ओढत नेताना चाकात अडकते. म्हणून तिथे गोल न कापता उभी चीर द्यायची, तिच्या कडा काजं करतात तशा दाट टाक्यांनी बांधायच्या आणि खालून पोटाला बंद घ्यायचा. टिकल्या नि आरसे त्यानंतर. मोठ्या जोडीची घुंगरं आईच्या तुटलेल्या पैंजणातून मिळाली. वीतभर नंदीच्या शिंगांना बाजारातल्या शेंब्या मोठ्या व्हायच्या. त्याला मी संपलेल्या रिफिलींची पितळी टोकं बसवली. ती इतकी बेतात बसली की आळीतली सगळी पोरं रिकाम्या रिफिली गोळा करू लागली. शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड. कपाळावर कवडी आणि लोकरीची मटाटी. कवडीला भाव होता. एका अखंड कवडीचे दोन वाजते घुंगरू मिळत. न वाजणारा घुंगरू कोणीच घेत नसे.

त्याच वर्षांत दूरदर्शनवर ही-मॅन आला आणि गावातल्या पोरांना दुसऱ्याही बाहुल्यांचं वेड लागलं. पांढुर्ण्याच्या मामाजींनी नागपूरच्या सीताबर्डीवरून मला जी. आय. जोचा एक शिपाई आणून दिला. पावणेचार इंचांचा, पण कोपर, गुडघे, मान सगळं वळणारा. पाठीला भोक होतं, त्यात खुंटीवर बसणारी पिशवी. डोक्याला टोप, हातात बंदूक. ज्या पुठ्ठ्यावर तो चिकटवलेला होता त्याच्या मागे त्याचं नाव नि काम छापलेलं होतं. तेवढा चौकोन कापून मी डब्यात ठेवला. मला शिपायापेक्षा त्या तांदळाएवढ्या खटक्याची बंदूकच जास्त आवडायची. तिला मी काडेपेटीत कापूस घालून ठेवत असे.

पोळ्याआधी मी शिपायाला नंदीच्या पाठीवर बसवून पाहिलं. आजोबांनी, म्हणजे आमच्या आबाजींनी, बघितलं आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

"पोराहो, वर्षभर राबलेला बैल हाय तो. पोळ्याच्या दिवशी त्याच्या पाठीवर कोनी बसते का?"

"मंग ह्याले कुठं ठेवू, आबाजी?"

"समोर चालव ना. गडी हाय तो."

शिपायाची मूठ बंदूक धरण्यासाठी इंग्रजी सी अक्षरासारखी घडवलेली होती. तिच्यात सुती कासरा असा चपखल बसला की जणू त्यासाठीच ती केली होती. जाड काही कोंबलं तर त्या मुठीचा अंगठा तुटतो, हे इतरांच्या खेळण्यांवरून आम्हाला कळलं होतं, म्हणून मी कासरा एकपदरी ठेवला. आबाजींनी धोतराच्या काठाची चिंधी काढून त्याला फेटा बांधला. टोप काडेपेटीत गेला. मारुतीच्या पाराजवळ तोरणाखाली आम्ही नंदी घेऊन रांगेत उभे राहिलो, तेव्हा एका म्हाताऱ्याने माझ्या हातावर बोजाऱ्याचं नाणं ठेवलं आणि दुसरं त्या शिपायाच्या पायाशी. गड्याला बोजारा द्यावाच लागतो, म्हणाला. मला आजवर मिळालेल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा ते नाणं मोठं वाटतं, कारण त्या माणसाने आमच्या खेळाला खेळ समजून सोडून दिलं नव्हतं.

त्याच दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीत पळसाचं झाड रोवून, त्यावर झेंडा बांधून पांढुर्णा आणि सावरगावात गोटमार होते. आई करीला आम्हाला आजोळी पाठवत नसे. दगड खाऊन डोकं फुटलेली माणसं तिने लहानपणी पाहिली होती. आमच्या वाट्याला आलेली कर वेगळी होती, आणि त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

शिपायाच्या कमरेत, छाती आणि पाय जोडणारी एक रबरी कडी असते. आमच्या उन्हाळ्यांत ती वाळून तुटली आणि त्याचे दोन भाग झाले. पाठीचा एकच स्क्रू काढून आबाजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक कडी कापून आत ताणली. थोडी जाड होती, त्यामुळे कंबर घट्ट झाली. नंदीपुढे उभा राहायला तेच बरं पडलं.

त्यानंतर बरंच बदललं. सौंसरहून सावनेरवरून नागपूरच्या इतवारीला जाणारी छोटी रेल्वेगाडी २०१५ साली बंद झाली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात गेलं. पोळ्याच्या बाजारात आता सगळा साज शिवून तयार मिळतो, प्लॅस्टिकच्या मण्यांचा, चमकणाऱ्या दिव्यांचासुद्धा. तो कोणत्याही बैलावर चढतो आणि कोणत्याच बैलाचा नसतो. माप न घेता चढवलेली झूल मला पाहवत नाही, हे मी घरात स्पष्ट सांगितलं आहे. पुतणीच्या वीतभर नंदीसाठी आम्ही यंदा निळ्या काठाची झूल कापली. वशिंडाची चीर तिने स्वतः शिवली, दोन टाके उसवून पुन्हा घातले. मटाटी अजून व्हायची आहे. कवड्या आणल्यात, गोंडा तिला हिरवा हवा आहे, आणि रिफिलीची पितळी टोकं आता कुठे मिळतात याची चौकशी आम्ही दोघं करतो आहोत.