डावीकडचा आवाज

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी व माझी पत्नी सहा आठवडे न्यू जर्सीमध्यें धाकट्या भावाच्या घरीं राहिलों होतों. अमेरिकेंत ज्याचें स्वतःचें घर होतें त्याला प्रथम बागेचें वेड लागतें आणि मग तळघराचें, असा माझा अनुभव आहे. माझा भाऊ या दुसऱ्या अवस्थेंत होता. तळघराच्या एका अंगाला घर ऊबदार ठेवणारी भट्टी आणि पाणी तापविण्याची टाकी. उरलेली १८ फूट लांब व १२ फूट रुंद जागा त्यानें चित्रपट पाहण्यासाठीं राखून ठेविली होती. छत अवघें ७ फूट उंच. हात वर केला कीं लागे. पडदा लागला होता, समोरचे तीन स्पीकर बसले होते, खर्जाचा आवाज देणारा ठोकळा कोपऱ्यांत स्थानापन्न झाला होता. प्रश्न उरला होता तो बाजूच्या आणि पाठीमागच्या स्पीकरांचा.

"दादा, तू जन्मभर ध्वनि शिकवलास," भाऊ म्हणाला, "आतां हे चार डबे कुठं टांगायचे तें सांग."

जन्मभर शिकविलेल्या विषयाचा घरांत उपयोग करून दाखवा, असें कोणीं म्हटलें म्हणजे प्राध्यापकाची जी तारांबळ उडते ती माझीहि उडाली. परंतु धाकट्या भावापुढें ती कबूल करणें वडीलपणाला शोभण्यासारखें नव्हतें. मीं फूटपट्टी मागितली.

प्रेक्षकाला आवाजानें चोहोंकडून वेढावें ही हौस आजची नव्हे. १९४० सालीं डिस्नेचा 'फँटेशिया' न्यूयॉर्कमध्यें प्रथम दाखविला गेला, तेव्हांच पडद्यामागील स्पीकरांखेरीज प्रेक्षागृहाच्या भोंवतींहि स्पीकर मांडले होते. १९९२ सालच्या 'बॅटमन रिटर्न्स' नंतर पांच स्वतंत्र आवाज व सहावा खर्जाचा, अशी योजना चित्रपटगृहांत रूढ झाली आणि कांहीं वर्षांतच ती घराघरांत शिरली. प्रेक्षागृह मोठें असतें. तेथें भिंत प्रेक्षकापासून दूर असते. घरीं मात्र हजार माणसांसाठीं कल्पिलेली गोष्ट चार माणसांच्या कोचाभोंवतीं बसवावयाची असते, आणि सगळी अडचण तेथेंच आहे.

आवाजाची दिशा आपल्याला कळते ती मुख्यतः दोन कान असल्यामुळें. डावीकडचा आवाज डाव्या कानाला अगोदर आणि मोठा ऐकूं येतो. उजव्याला तो किंचित् उशिरां आणि डोक्याच्या आडोशामुळें मंद होऊन पोहोंचतो. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतो. एवढ्याशा फरकावरून माणूस अंधारांतहि हांकेच्या दिशेला वळतो. लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं केलेली ही मांडणी मी पंचवीस वर्षें फळ्यावर डोक्याची आकृति काढून शिकवीत आलों आहें.

प्रथम मीं चारांपैकीं दोन स्पीकर बाद केले. कोच मागच्या भिंतीपासून जेमतेम तीन फूट पुढें होता. पाठीमागें आणखी दोन स्पीकर टांगले असते तर ते थेट मानेवर बसले असते. लहान खोलींत दाटीनें बसविलेल्या चारांपेक्षां नीट बसविलेले दोन बरे. हे दोन कानाच्या सरळ रेषेंत नव्हे, तर किंचित् मागें हवेत. समोर पाहणाऱ्या माणसाची नजर शून्य अंश धरली, तर दोन्ही बाजूंना सुमारें ११० अंशांवर. बसलेल्या माणसाच्या कानाहून ते दोनएक फूट उंचहि हवेत, म्हणजे शेजारच्याच्या डोक्यानें आवाज अडत नाहीं, आणि जवळ बसणाऱ्याच्या कानावर तो थेट आदळतहि नाहीं.

दुसरा प्रश्न जातीचा. कांहीं स्पीकर समोर आवाज फेंकतात, तर कांहीं पुढें व मागें दोन्हीकडे फेंकतात. दुसऱ्या जातीचे स्पीकर भिंतींवरून परावर्तन घडवून आवाज पसरवितात. तो नेमका कोठून आला हें कळत नाहीं, आणि दाटीच्या खोलींत हा गुणच ठरतो. पण त्यांना दोन्ही अंगांना सारख्या भिंती लागतात. येथें डावीकडे सलग भिंत, तर उजवीकडे वर जाणारा उघडा जिना. तेव्हां आम्ही साधे, लहान, एकाच दिशेला बोलणारे स्पीकर पत्करले आणि त्यांचीं तोंडें जवळच्या माणसाकडे न वळवितां कोचाच्या दूरच्या टोंकाकडे वळविलीं. जवळच्याला जवळीक मिळतेच. आवाज मुद्दाम पोहोंचवावा लागतो तो दूरच्याला.

तरीहि एक जागा वाईट राहिलीच. उजवा स्पीकर जिन्यापलीकडच्या भिंतीवर, म्हणजे चांगला तीन फूट अधिक लांब बसला. डावा मात्र कोचाच्या टोंकापासून हाताच्या अंतरावर. जो आवाज कानीं प्रथम येतो तोच दिशा ठरवितो, हें हेल्मुट हास यांनीं १९४९ सालीं दाखवून दिलें आहे. रिसीव्हरमध्यें जवळच्या स्पीकरला मुद्दाम थोडा उशीर लावतां येतो. पण तो हिशेब एकाच बैठकीपुरता जुळतो. मधल्या माणसाचें सुख साधलें कीं डाव्या टोंकाच्या माणसाच्या कानाशीं सारखा कल्ला. त्या जागेवर कोणीं बसावें, यावर घरांत थट्टेनें बराच वाद झाला.

शेवटीं आवाज जुळविण्याचा दिवस उजाडला. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून पावसाच्या सरीसारखा सूं-सूं आवाज सोडतो. प्रत्येकाचा जोर मध्यभागीं सारखाच, ७५ डेसिबल भरला पाहिजे. मी मधोमध बसलों. मधला ठीक. उजवा ठीक. मागून उजवा, उत्तम. मग मागून डावा सुरू झाला.

"हा फार हळू आहे," मीं म्हटलें, "आणि डावीकडून येतसुद्धां नाहीं."

भावानें आवाज वाढविला. मी म्हणालों, अजून. तो म्हणाला, तार सैल असेल. उठून तार पाहून आला. पुन्हां वाढविला. तोंच माझ्या पुतणीनें दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ती ओरडली, "काका, बास!" भावानें आवाज मोजण्याचें लहानसें यंत्र माझ्यापुढें केलें. कांटा ७५ च्या बराच वर गेला होता.

कोणी कांहीं बोललें नाहीं. जिन्याच्या पायरीवर बसून शेंगा सोलीत असलेली माझी पत्नी तेवढी शांतपणें म्हणाली, "अहो, तो वाजतो आहे."

त्या चार शब्दांनीं कितीतरी गोष्टी मागें जाऊन उकलल्या. वर्गांत डावीकडच्या बांकांवरचीं मुलें अलीकडे तोंडांतल्या तोंडांत बोलतात, अशी माझी दोन वर्षांपासूनची तक्रार. एका मुलीला तर मीं सर्वांदेखत विचारलें होतें, "उत्तर येत नसेल तर तसें सांगा, पुटपुटतां कशाला?" ती रडवेली होऊन खालीं बसली होती. तिचें उत्तर बहुधा बरोबरच असावें. आणि गेलीं तीनचार वर्षें संध्याकाळीं फिरावयास जातांना माझी पत्नी नेहमीं माझ्या उजव्या हातालाच चालते. रस्ता ओलांडल्यावर मागून वळसा घालून ती पुन्हां उजवीकडे येते. तिची ही एक लकब आहे, असें मी समजत होतों.

रात्रीं मीं तिला विचारलें, "तुला केव्हांपासून माहीत होतं?"

"मला वाटलं, तुम्हांलाहि माहीत आहे आणि बोलायचं नाहीं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीं भावानें मोठ्या ममतेनें सुचविलें कीं, दादा आहे तोंवर डावा स्पीकर वाढवून ठेवूं. मीं नको म्हटलें. खोली सर्वांसाठीं जुळलेली होती. माझ्या एका कानासाठीं ती बिघडवावी हें बरें नव्हे. आणि थोडा विचार करतां माझ्या ध्यानांत आलें कीं, जी जागा कोणालाच नको होती तीच माझ्यासाठीं योग्य होती. कोचाच्या डाव्या टोंकाला बसलें म्हणजे पडदा, उजवा स्पीकर आणि सगळें कुटुंब माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला येई; डाव्या स्पीकरचा जो कल्ला इतरांना सोसवत नव्हता, तो मला बेताचा लागे. उरलेले तीन आठवडे मी तेथेंच बसलों. माझ्या उजव्या हाताला अर्थातच माझी पत्नी.

परत आल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं काढलेल्या आलेखांत उजव्या कानाची रेघ वयाला साजेशी, तर डाव्याची उंच स्वरांकडे जातां जातां झपाट्यानें खालीं उतरलेली. रॅले यांचा सिद्धान्त शिकविणाऱ्याला तो स्वतःच्या डोक्यावर पडताळून पाहण्याचें कधीं सुचलें नाहीं, याची मला लाज वाटली. पण त्याहून अधिक लाज वाटली ती त्या मुलीची आठवण होऊन. आतां ती पदवी घेऊन बाहेर पडली आहे. मीं पत्ता शोधून तिला क्षमेचें पत्र लिहिलें.

डाव्या कानांत आतां एक लहानसें यंत्र असतें आणि वर्गांतील कोणीहि पुटपुटत नाहीं. संध्याकाळच्या फिरण्यांत मात्र पत्नी अजूनहि माझ्या उजव्या बाजूनेंच चालते, आणि मींहि तिला बाजू बदलावयास सांगितलेलें नाहीं.