तेजोमेघ आणि हिरवट काच

लहान दुर्बिणीला फिल्टर लावला म्हणजे तेजोमेघ अधिक उजळतो, अशा समजुतीने जो ही काच विकत घेतो, त्याच्या पदरी निराशाच पडते. कारण ही काच कणभरही प्रकाश निर्माण करीत नाही, उलट आलेल्या प्रकाशातील बहुतांश हिस्सा नाक्यावरच्या जकातदाराप्रमाणे अडवून ठेवते आणि मोजक्या रंगांनाच पुढे जाण्याची मुभा देते.

ते रंग कोणते, याचा पहिला दाखला १८६४ सालचा. त्या वर्षी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा ताऱ्यांप्रमाणे अखंड पट्टा न दिसता त्यांना तुरळक तेजस्वी रेषा दिसल्या. आणि त्यांतील मुख्य हिरव्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, अतिविरळ प्राणवायूच्या आहेत, हे १९२७ साली आयरा बोवेन यांनी सिद्ध करीपर्यंत ते कोडे कायम राहिले. या रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवर, तर हायड्रोजनची बीटा रेषा ४८६.१ वर; आणि अंधाराला सरावलेला डोळाही ५०७च्या आसपासच सर्वांत तीक्ष्ण असतो, हा योगायोग मला हौशी निरीक्षकाचे परमभाग्य वाटतो. कृत्तिकांभोवतीचे धुके किंवा देवयानीतील दीर्घिका यांचा प्रकाश मात्र ताऱ्यांचाच, सर्व रंगांत विखुरलेला. तिथे फिल्टर निरुपयोगी.

दुर्बीण लहान असली की फिल्टर वायाच जातो, ही समजूत मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. विचार भिंगाच्या व्यासाचा नव्हे, नेत्रिकेतून डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशशलाकेच्या व्यासाचा करावयाचा असतो. ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या आणि चारशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला पंचवीसची नेत्रिका लावली, तर वर्धन सोळा पट आणि शलाका पाच मिलिमीटर. दहाची लावली, तर वर्धन चाळीस पट, पण शलाका अवघी दोन मिलिमीटर, आणि तीवर फिल्टर चढविताच उरतो तो जवळजवळ निव्वळ काळोख. पाच मिलिमीटरची शलाका देणाऱ्या मोठ्या दुर्बिणीतही तेजोमेघाचा पृष्ठभाग याहून उजळ नसतो, केवळ विस्तीर्ण असतो.

लहान दुर्बिणीतही फिल्टर उपयोगी पडतो, याची रुजुवात पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या पूर्वरात्री, हंसातील ५२ क्रमांकाच्या ताऱ्यापाशी करावी. उघड्या नेत्रिकेत तिथे ताऱ्यांची गर्दी असते. मग फिल्टर नेत्रिका आणि डोळा यांच्यामध्ये चिमटीत धरून हळूहळू आत-बाहेर सरकवावा. तारे मंदावतात, पार्श्वभूमी काळवंडते, आणि नजर किंचित तिरकी ठेवली तर प्राचीन अतिनवताऱ्याच्या अवशेषाचा फिकट, वाकडा तंतू त्या ताऱ्याला चाटून गेलेला दिसू लागतो.

हा तंतू प्राणवायूच्या रेषांचाच तेवढा मार्ग मोकळा ठेवणाऱ्या, सुमारे दहा नॅनोमीटर पट्ट्याच्या ओ-थ्री फिल्टरमध्ये सर्वांत ठसठशीत दिसतो, हे खरे; तरीही पहिली खरेदी यूएचसी या अधिक रुंद पट्ट्याच्या फिल्टरचीच करावी, असे माझे मत आहे. त्याचा पंचवीसएक नॅनोमीटरचा पट्टा तिन्ही रेषांना वाट देतो, त्यामुळे मृगातील तेजोमेघाचे पसरलेले पंख शाबूत राहतात आणि तारेही फारसे हरवत नाहीत. ओ-थ्री सवडीने घ्यावा. हायड्रोजन-बीटाचा फिल्टर मात्र ज्या थोड्या लक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यांतील अश्वशीर्ष तेजोमेघ लहान दुर्बिणीला अत्यंत दुष्कर. त्याचे पैसे चांगल्या, रुंद क्षेत्राच्या नेत्रिकेसाठी राखून ठेवावेत.