टेकू

कोणत्याही घरात नीट पाहिले, तर ठिकठिकाणी टेकू दिलेले आढळतात. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी असते. वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीच्या फटीत लाकडाचा तुकडा असतो. टेकू देणाऱ्याने मनाशी म्हटलेले असते, 'आजचा दिवस निभावून नेऊ, दुरुस्तीचे उद्या पाहू.' तो उद्या मात्र सहसा उजाडत नाही. हळूहळू टेकूची सवय होते आणि काही बिघडले आहे, याचाच विसर पडतो.

एका गृहस्थांच्या मोटारीची अशीच गोष्ट आहे. त्या मोटारीच्या मागच्या डिकीचे दार वरच्या बाजूस उघडणारे होते. हाताने थोडे उचलले की, ते आपले आपण वर जाई आणि तेथेच थांबून राही. एका हिवाळ्यात ते पहाटेच्या वेळी हळूहळू खाली येऊ लागले. दुपारी मात्र त्याची काही तक्रार नसे. पुढे दुपारीही ते टिकेना, तेव्हा गृहस्थांनी बांबूची एक काठी मापाने तोडून घेतली आणि दाराला टेकू दिला. चार महिने काम भागले. घरची मंडळी तिला कौतुकाने 'डिकीची काठी' म्हणू लागली.

एके दिवशी बाजारातून आणलेली कांद्यांची पिशवी ओढताना काठीला धक्का लागला. काठी निसटली आणि ते जड दार धाडकन खाली आले. डिकीत वाकलेला नातू क्षणभरापूर्वीच मागे सरला होता, म्हणूनच वाचला. त्याच संध्याकाळी मोटार मिस्त्रींच्या दारात उभी राहिली.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "साहेब, हे दार प्रथम थंडीत पडू लागले, की उन्हातही?"

गृहस्थांना नवल वाटले. पण त्या प्रश्नातच बिघाडाचे मूळ दडलेले होते. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन काळ्या नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीतून एक गुळगुळीत दांडा बाहेर आलेला होता. गॅरेजमध्ये त्याला 'डिकीचा शॉकर' म्हणतात.

"मिस्त्रीकाका, यात स्प्रिंग असते का?" नातवाने विचारले.

"नाही बाळ, यात वायू कोंडलेला असतो. दार तोच उचलून धरतो."

आणि ते खरेच होते. त्या नळीत नायट्रोजन वायू मोठ्या दाबाखाली भरलेला असतो. आत दांड्याच्या टोकाला एक दट्ट्या असतो. त्यात बारीक छिद्रे असल्यामुळे वायू दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पोहोचतो. तथापि ज्या बाजूस दांडा जोडलेला असतो, त्या बाजूला दांड्याच्या जाडीइतकी जागा वायूला रेटता येत नाही. दुसरी बाजू मात्र पूर्ण मोकळी असते. या फरकामुळे दांडा सतत बाहेर ढकलला जातो. समजा, दांडा ८ मिलिमीटर व्यासाचा आहे. म्हणजे त्याचा छेद सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर झाला. वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅम असेल, तर एका दांड्याचा जोर सुमारे ५० किलोग्रॅम वजनाइतका भरतो! एवढा जोर लागतोही. कारण दाराचा भार बिजागरीपासून दूरवर पसरलेला असतो आणि शॉकर मात्र बिजागरीच्या जवळ जोडलेला असतो.

दांड्याभोवती रबराचे कडे असते. ते झिजले की, वायू कणाकणाने निसटतो. त्यातच थंडीने वायूचा दाब आणखी घटतो. २७ अंश सेल्सिअसवरचा वायू ७ अंशांवर आला, तर दाब सुमारे पंधराव्या हिश्श्याने उतरतो. म्हणून थकलेला शॉकर प्रथम हार मानतो, तो थंडीच्या पहाटे. ती पहाटेची सूचना होती. पण काठीने तिचे तोंड बंद केले होते.

मिस्त्रींनी आधी बिजागऱ्या तपासल्या. त्या शाबूत होत्या. मग त्यांनी एक भक्कम वासा दाराखाली लावला आणि शिवाय आपल्या हाताखालच्या मुलाला दार धरून उभे केले. पातळ पेचकसाने शॉकरच्या टोकाची तारेची पकड सैल करून त्यांनी तो गोल खुंटीवरून ओढून काढला. नवा शॉकर बसवताना दार मिटल्यावर दांड्याचे तोंड खाली राहील, याची त्यांनी काळजी घेतली. कारण नळीतील थोडेसे तेल त्यामुळे रबरी कड्यापाशी राहते आणि ते कोरडे पडत नाही. दुसरी बाजू अजून थोडा जोर धरून होती, तरी त्यांनी तीही बदलली. दोघांनी मिळून वागवायचा भार एकट्यावर पडला, तर दार वाकडे ओढले जाते.

नातवाने जुना शॉकर कौतुकाने उचलला. "तो कापून पाहू नकोस हो," मिस्त्री म्हणाले, "आणि विस्तवाजवळही नेऊ नकोस. थकला, तरी त्याच्या पोटात अजून दाब आहे."

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टेकू मिस्त्रींनीही दिला होता. किंबहुना गृहस्थांच्या काठीपेक्षा अधिक भक्कम दिला होता. फरक इतकाच की, त्यांचा टेकू दुरुस्ती होईपर्यंतचा होता आणि ती काठी दुरुस्तीच्या ऐवजी होती. अडल्या वेळी टेकू द्यावा, त्यात कमीपणा नाही. मात्र ज्या दिवशी तो द्यावा, त्याच दिवशी तो केव्हा काढायचा, हेही ठरवून टाकावे.