दुसरे भोक



गेली अठ्ठावीस वर्षे मी कृषी विस्ताराच्या नोकरीत आहे. बियाणे, खते, फवारणी यांविषयी आजवर तुम्हाला पुष्कळ सल्ले दिले. आज मात्र माझ्या एका चुकीच्या सल्ल्याची गोष्ट सांगणार आहे. ती सांगताना मला संकोच वाटतो. पण ती वाचून एका घरचा जरी अपघात टळला, तरी माझी लाज कारणी लागली असे समजेन.

२००६ सालची ही गोष्ट. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्यात होतो. तिथल्या एका कापूस उत्पादकाने पेट्रोलवर चालणारा, पाठीवर घ्यायचा फवारणी पंप नवाच घेतला होता. त्यांना आपण आबा म्हणू. मी बांधावर गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, वाकलं की झाकणाच्या भोकातनं पेट्रोल कमरेवर ठिबकतंय. आग आग होतीया. अन् वास तर लई."

मला आणखी दोन गावे करायची होती. मी झाकणाकडे नीट पाहिलेही नाही. म्हणालो, "आबा, भोक बारीक तर आहे, मेण लावून बुजवून टाका." आबांनी साहेबांचा शब्द म्हणून त्याच संध्याकाळी मेण लावले.

दुसऱ्या दिवशी पंप दहा-पंधरा मिनिटे चाले आणि बंद पडे. थोडा वेळ थांबून दोरी ओढली की पुन्हा चाले, पुन्हा बंद. आबांना वाटले, यंत्र नवे आहे, रुळेल हळूहळू. भाद्रपदातले ऊन होते. दुपारी गरम इंजिन तसेच उन्हात बांधावर ठेवून ते जेवायला बसले. टाकी पाऊण भरलेली होती. जेवण झाल्यावर पेट्रोल किती उरले ते पाहायला त्यांनी झाकण फिरवले. फस्सकन आवाज झाला आणि आतले पेट्रोल उसळून हातावर, धोतरावर उडाले. पाच-सहा पावलांवर, बांधाच्या खालच्या अंगाला चुलते बसले होते. त्यांनी नेमकी तेव्हाच विडी पेटवली.

पुढचे फार लिहीत नाही. उजवा हात कोपरापर्यंत आणि मांडी भाजली. चुलत्यांनी ओले गोणपाट टाकून आग विझवली म्हणून जीव वाचला. आबा अठरा दिवस दवाखान्यात होते. तेवढ्या दिवसांत फवारणी राहिली, तुडतुड्यांनी कपाशीची पाने लाल केली आणि त्या साली खर्चही निघाला नाही.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. नंतर त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आईने चहा टाकला आणि ओसरीवर बसून गोडेतेलाचा नवा पत्र्याचा डबा फोडायला घेतला. खिळा ठोकून एका कोपऱ्यात भोक पाडले, मग समोरच्या कोपऱ्यात दुसरे. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "लेकरा, डब्याला दुसरं भोक नसलं तर तेल निघतंय का? आत वारा जाया नको?"

मी बीएस्सी अॅग्री झालेला. हवेचा दाब, पोकळी, सगळे पुस्तकात वाचलेले. पण त्या ओसरीवर मला मान वर करता आली नाही. जे त्या माउलीला तेलाच्या डब्यावरून कळत होते, तेच मी घाईत विसरलो होतो.

वाचकहो, टाकीच्या झाकणाचे भोक म्हणजे तेलाच्या डब्याचे हे दुसरे भोक. ते दोन कामे करते. इंजिन पेट्रोल ओढते तेव्हा टाकीत जागा रिकामी होते आणि ती भरायला बाहेरची हवा आत यावी लागते. भोक बुजले की आत पोकळी तयार होते, पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरत नाही आणि इंजिन उपाशी मरते. दुसरे काम उन्हातले. टाकी तापली की पेट्रोलची वाफ होते, तिला बाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर शिटी बसलेल्या कुकरसारखा दाब साठतो आणि झाकण उघडताच तो आपल्या अंगावर येतो. सकाळी बंद पडलेले इंजिन आणि दुपारी उसळलेले पेट्रोल, दोन्हींचे मूळ एकच होते.

आता पेट्रोलच्या वाफेचा स्वभाव सांगतो. डिझेलला पेट घ्यायला ऊब लागते, पेट्रोलला लागत नाही. उणे ४० अंशांच्या थंडीतही त्याची पेटण्याजोगी वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी उताराने खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. शंभर भाग हवेत दीड भाग वाफ असली तरी एक ठिणगी पुरते. आबांचे चुलते दूर बसले होते, पण खालच्या अंगाला बसले होते. वाफ चालत त्यांच्यापर्यंत गेली.

मग झाकणातून पेट्रोल ठिबकत का होते? नंतर मी तो पंप नीट पाहिला. कारणे दोन होती. झाकणाचे वायसर नीट बसलेले नव्हते आणि आबा टाकी काठोकाठ भरत होते. पेट्रोल उन्हाने फुगते. पाच लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर सुमारे शंभर मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढे वाढते. त्याला जागा ठेवली नाही तर ते वाट काढणारच. वायसर बदलले, टाकी दोन बोटे रिकामी ठेवली, की ठिबकणे थांबले. एवढ्याशा कामासाठी एका माणसाचा हात भाजला.

म्हणून पुढील गोष्टी घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

इंजिन चालता चालता बंद पडू लागले तर आधी झाकण तपासा. इंजिन बंद करून सावलीत निवू द्या. मग विडी-काडीपासून दूर, तोंड बाजूला धरून झाकण हळूहळू सैल करा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर इंजिन नीट चालले, तर भोक बुजले आहे असे समजा. धूळ, औषधाची भुकटी आणि तेलाचा चिकटा यांनी ते बुजते. झाकण काढून साबणाच्या पाण्याने धुवा, सायकलच्या पंपाने फुंकून वाळवा. खिळा घालून भोक मोठे करू नका. काही झाकणांत बारीक रबरी पडदा असतो, तो फाटेल. काही यंत्रांत हवेची वाट झाकणात नसून वेगळ्या नळीत असते, ती दुकानदाराकडून समजून घ्या.

झाकण हरवले म्हणून चिंधी कोंबणे किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधणे सोडा. त्याच यंत्राचे झाकण आणा.

पेट्रोल नेहमी उघड्यावर, इंजिन निवल्यावर भरा. पेट्रोलचा कॅन घरात ठेवू नका. चूल घरात असते, देवापुढे समई असते आणि वाफ जमिनीलगत तिथवर पोचते. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही ठेवू नका. लेकरू पाणी समजून तोंडाला लावते.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासून आणि धान्यापासून होते ही चांगली गोष्ट, पण ते हवेतला ओलावा ओढून घेते. महिनोन् महिने टाकीत राहिले तर पाणी खाली बसते आणि भाग गंजतात.

आग लागलीच तर पेट्रोलवर पाणी मारू नका. माती किंवा ओले गोणपाट टाका. भाजलेल्या जागी मात्र वीस मिनिटे थंड पाण्याची धार धरा. तूप, शाई, टूथपेस्ट लावू नका. आणि लगेच दवाखाना गाठा.

आबा आता थकले आहेत. हाताची दोन बोटे पूर्ण मिटत नाहीत, तरी अजून शेतात जातात. मी गेलो की त्याच हाताने चहाची कपबशी पुढे करतात. त्यांची आई आता नाही. पण तेव्हापासून कोणी मला बांधावर काही विचारले, की मी आधी खाली बसतो आणि वस्तू हातात घेऊन पाहतो. पुढचे गाव थोडा वेळ थांबू शकते.

तुम्हीही आज घरी गेल्यावर आपल्या पंपाचे झाकण एकदा उजेडात धरून पाहा. भोक मोकळे आहे ना?