करमुक्त उत्पन्नाचे कागद

शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, हे आमच्या जवळा बाजारात शेंबडं पोरही सांगेल. ते खरंही आहे. पण ज्याच्या घरात सातबाराही आहे आणि महिन्याला पगारही येतो, त्याला विवरणपत्र भरताना सगळ्यात जास्त कागद गोळा करावे लागतात ते याच करमुक्त उत्पन्नाचे. मी शिक्षक आहे. घरी हळद आहे, थोडा ऊस आहे. आमचे कर सल्लागार परभणीला बसतात. उन्हाळा संपता संपता त्यांची यादी मोबाइलवर येते आणि माझी शोधाशोध सुरू होते.

पगाराचे कागद सोपे. कार्यालयाकडून फॉर्म १६ मिळतो. तो १५ जूनपर्यंत द्यावा, असा नियम आहे. त्याचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात किती कर कापला आणि कधी भरला ते, ‘ब’ भागात पगाराचा आणि वजावटीचा हिशोब. तो हातात आला की पहिल्यांदा पॅन नंबर बघायचा आणि कापलेली रक्कम फॉर्म २६एएसशी ताडून बघायची. पगारातून कापलेला पैसा आपल्या पॅनवर जमा दिसत नसेल, तर सल्लागार काही करू शकत नाहीत. कार्यालयाने दुरुस्ती केल्याशिवाय तो दिसत नाही. मागचा फरक मिळाला असेल, तर तो कोणकोणत्या वर्षाचा ते सांगणारं पत्रकही लागतं, कारण सवलत मागायची तर विवरणपत्राआधी फॉर्म १०ई भरावा लागतो.

त्यानंतर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ते आयकराच्या पोर्टलवर मिळतं. फाइलचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. बँकेचं व्याज, लाभांश, मोठे व्यवहार असं बरंच काही त्यात आधीच नोंदलेलं असतं. आपण विसरलेली मुदत ठेव सरकारला आठवते. पण पतसंस्थेचं व्याज आणि भागावरचा लाभांश तिथे दिसेलच असं नाही, म्हणून पतसंस्थेचा दाखला वेगळा घ्यावा लागतो. जुनी करप्रणाली निवडायची तर कागद आणखी वाढतात. आता नुसता विम्याचा आकडा चालत नाही. पॉलिसी नंबर, कर्जखात्याचा नंबर, घरभाड्याचा तपशील असं सगळं २०२५ मध्ये फॉर्ममध्येच मागितलं होतं.

आईची फाइल वेगळी. तिला वडिलांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते पगारात धरत नाहीत, इतर उत्पन्नात धरतात. त्यामुळे पगारदाराची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट तिला नाही. नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांपैकी कमी असेल तेवढी वजावट. तिच्या पासबुकाच्या नोंदी, ठेवीच्या व्याजाचा दाखला आणि एप्रिलमध्ये बँकेत दिलेल्या १५एच फॉर्मची पोच, एवढ्यावर तिचं काम भागतं.

खरी दमछाक शेतीत. मोंढ्यात माल घातला की आडत दुकानातून पट्टी मिळते. चिंचोळ्या कागदाची, कार्बन लावून फाडलेली. तारीख, शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, हमाली-तोलाईची कपात आणि खाली हाती आलेली रक्कम. ऊन आणि खिशातला घाम लागला की दिवाळीपर्यंत तिच्यावरचे आकडे उडून जातात. म्हणून आता पट्टी हाती आली की आधी मोबाइलवर फोटो, मग फाइल. हळद हिंगोलीला किंवा वसमतला नेली तरी हीच रीत. उसाचं त्या मानाने बरं; कारखान्याचं बिल थेट खात्यात येतं आणि त्याची नोंद पासबुकात राहते.

नावाचा घोळ त्याहून मोठा. ट्रॅक्टरसोबत जो गेला, त्याचं नाव पट्टीवर पडतं. सातबारा आईच्या नावावर, पट्टी धाकट्या भावाच्या नावावर आणि पैसे माझ्या खात्यात, असं आमच्याकडे घरोघर चालतं. घरात त्याने काही बिघडत नाही. पण कागदावर ते तिघांचं उत्पन्न दिसतं आणि खात्यात आलेल्या मोठ्या रकमेचा खुलासा पगारदार माणसाला करावा लागतो. सल्लागारांनी मला एकच सांगितलं, “सर, जमीन ज्याची, पट्टी त्याची, खातंही त्याचंच. मग मला कुणी काही विचारत नाही.”

करमुक्त असूनही शेतीचं उत्पन्न दाखवायचं कशाला, हा प्रश्न मीही त्यांना विचारला होता. त्यांनी कागदावर आकडेच मांडले. २०२४-२५ साली नव्या प्रणालीत वजावटीनंतर पगाराचं उत्पन्न ८ लाख असेल, तर कर ३०,००० रुपये. त्याच माणसाला शेतीचं निव्वळ उत्पन्न ३ लाख असेल, तर हिशोब बदलतो. आधी ११ लाखांवर कर काढायचा, तो ६५,०००. मग शेतीचे ३ लाख आणि करमुक्त मर्यादेचे ३ लाख मिळून ६ लाखांवर काढायचा, तो १५,०००. वजा करून उरले ५०,०००. वर उपकर वेगळा. म्हणजे शेतीवर कर नाही, पण शेतीमुळे पगारावरचा कर चढतो.

आता यातली खरी गोम. ते ३ लाख ही पट्ट्यांची बेरीज असेल आणि त्यामागे १ लाख २० हजारांचा खर्च झाला असेल, तर निव्वळ उत्पन्न १ लाख ८० हजार. मग कर येतो ३९,०००. खर्चाच्या पावत्या नाहीत, म्हणून ११,००० रुपये जास्तीचे. सल्लागार हसून म्हणाले होते, “हळद काय आपोआप उगवली का सर?”

उगवत नाहीच. बेणं, खत, ठिबक, निंदणी, काढणी, कुकरमध्ये शिजवणं, वाळवणं, पॉलिश, वाहतूक. माल बाजारात नेण्याजोगा करायला शेतकरी नेहमी जे करतो, ते कायद्याने शेतीतच येतं. म्हणून शिजवण्याचा आणि पॉलिशचा खर्चही शेतीचाच. पण त्यातल्या किती गोष्टींची पावती आपण घेतो? कृषी सेवा केंद्रात उधारीवर घेतलेल्या खताची कच्ची चिठ्ठी मिळते. पैसे फेडताना पक्कं बिल मागून घ्यावं लागतं. मजुरीची पावती कुणी देत नाही, म्हणून आता घरी एक वही आहे. तारीख, काम, मजूर किती, दिले किती, एवढंच. आई रोज संध्याकाळी भावाला विचारते आणि लिहून ठेवते. त्यात आणखी एक अडचण अशी, की हळद जूनमध्ये लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची आणि भाव बघून कधी मेमध्ये विकायची. आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. त्यामुळे वही दोन्ही वर्षांची जपावी लागते.

शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं, तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जमीन स्वतःची की ठोक्याने केलेली, बागायत की कोरडवाहू, हेही लिहावं लागतं. तिथे सातबारा आणि आठ अ उपयोगी पडतात. म्हणून ई-पीक पाहणी वेळेत केलेली बरी. हळद विकली आणि सातबाऱ्यावर सोयाबीन, असं असेल तर खुलासा करायला तोंड उरत नाही.

२०२५ साली मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली. दर वर्षी तसं होईल या भरवशावर राहू नये. सल्लागाराची फी आपण हिशोबासाठी देतो. आपल्या मोंढ्यातल्या पट्ट्या शोधून आणणं त्यांच्या हातात नाही. तेव्हा आमच्या भागातल्या नोकरदार शेतकऱ्यांना एवढंच सांगणं आहे: एप्रिललाच एक फाइल आणि एक वही करा, पट्टी जमीन ज्याची त्याच्याच नावाने फाडून घ्या, आणि खताचे पैसे देताना पक्क्या बिलाशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.